‘मुंबई दर्शनात बघण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सुट्ट्या जवळ आल्या की एक मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. मुंबई दर्शनावर पैसे घालवू नका. तिथे दाखवतात ते सगळं इंग्रजांनी बांधलेलं, मराठी माणसाचं त्यात काही नाही. टेकड्या टॉवरखाली गेल्या, मलबार हिलवरून आता धूर आणि काँक्रीटच दिसतं. गाईड थापा मारतात. माहिती मोबाईलवर फुकट मिळते. आणि जे काही आहे ते अर्ध्या दिवसात उरकतं. खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’, आणि लोक पाठवतात. मला यातलं थोडं पटतं आणि बरंचसं अजिबात पटत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

सगळ्यात जास्त बोचतं ते पहिलंच वाक्य, ‘सगळं इंग्रजांचं’.

सीएसएमटीची इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखली, १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं काम चाललं, हे सगळे सांगतात. त्या कामावर स्टीव्हन्सच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य होते, हे फार थोडे सांगतात. भिंतींवरचे मोर, माकडं, पानंफुलं हे कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं. हेच वैद्य पुढे डी. एन. मिर्झा यांच्यासोबत ताजमहाल हॉटेलचे वास्तुविशारद झाले. १९०३ साली हॉटेल उघडलं तेव्हा ते हयात नव्हते. उरलेलं काम डब्ल्यू. ए. चेंबर्सने पुरं केलं. मुंबईच्या दोन सर्वांत जास्त फोटो निघणाऱ्या इमारतींवर एकाच मराठी माणसाचा हात आहे, आणि आपणच मेसेज पाठवतो की आपलं काही नाही.

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचं तसंच. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. स्कॉटने तो लंडनला बसून काढला, तो हिंदुस्थानात कधी आलाच नाही. मनोरा उभा करायला दोन लाख रुपये दिले कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, नाव दिलं आईचं. आणि वरच्या भागात पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांच्या मूर्ती आहेत, त्या घडवल्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. ते त्या बांधकामावरचे सहायक अभियंता. ओव्हल मैदानातून मान मागे टाकून बघितलं की त्या मूर्ती दिसतात, पण कुणी बोट दाखवल्याशिवाय नजर तिकडे जात नाही. लोक घड्याळ बघतात आणि पुढे जातात.

नोकरीच्या दिवसांत माझे काका रोज कल्याणहून सीएसएमटीला उतरायचे. निवृत्तीनंतर त्यांना एका हेरिटेज वॉकला घेऊन गेलो होतो. स्टेशनसमोर आमच्या गाईडबाई थांबल्या आणि म्हणाल्या, “काका, त्या भिंतीवरचे गोल चौकटीतले चेहरे बघा. तो पगडीतला ओळखलात?” काकांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं. “कोण हो?” “नाना शंकरशेट. पलीकडचे जमशेटजी जीजीभॉय.” काका म्हणाले, “अरे, म्हणजे रोज यांच्याच पुढ्यातून पळत होतो की मी.” मग बाईंनी सांगितलं की ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या संचालकांत हे दोघे भारतीय गृहस्थ होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली त्यामागे नानांची वर्षानुवर्षांची धडपड होती. काकांना हे ऐकून माहीत होतं. तो चेहरा दगडात, रोजच्या वाटेवर आहे, हे माहीत नव्हतं.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय घ्या. १८७२ साली लोकांसाठी उघडलं तेव्हा नाव व्हिक्टोरिया राणीचं होतं. पण ते उभं राहावं म्हणून शहरात खटपट करणाऱ्यांत नाना होते आणि गोव्यातल्या मांजऱ्याहून मुंबईला येऊन डॉक्टर झालेले भाऊ दाजी होते. १९७५ साली त्यांचं नाव मिळालं. राज्य इंग्रजांचं होतं, निर्णय त्यांचे होते, त्यांच्या सोयीसाठी बऱ्याच इमारती झाल्या, हे नाकारायचं कारण नाही. पण पैसा, दगड, हात आणि डोकं यातलं कितीतरी इथलं होतं. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतीला कुर्ल्याचा आणि मालाडचा दगड आहे. खाणी बुजल्या, त्यांच्या जागी वस्त्या झाल्या; दगड मात्र काळ्या घोड्याजवळ जाऊन हाताने चाचपता येतो.

आता टेकड्या. ‘वर जाऊन काय दिसतं?’

डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुरकं असतं आणि लांबचं दिसत नाही, ही तक्रार खरी आहे. टॉवरांनी बऱ्याच बाजू अडवल्या हेही खरं. पण मेसेज लिहिणाऱ्याने टेकडीवरून फक्त लांब बघायचं ठरवलेलं दिसतं. मलबार हिलवर पायाखालीही बघायला हवं. हँगिंग गार्डनच्या खाली शहराचा जलाशय आहे आणि दक्षिण मुंबईला तिथून पाणी जातं. विहार, तुळशी, तानसा अशी तलावांची कामं एकामागून एक झाली, तेव्हा पाणी उंचावर साठवून उताराने घरोघर सोडायचं म्हणून टेकड्या निवडल्या. वर माती टाकून बाग केली. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर हेच आहे: खाली जलाशय, वर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. हे बॅप्टिस्टा म्हणजे टिळकांचे सहकारी ‘काका’ बॅप्टिस्टा, होमरूल चळवळीतले पुढारी आणि १९२५ साली मुंबईचे महापौर. त्या टेकडीवर कधीकाळी माझगावचा किल्ला होता, तो जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाच्या स्वारीत गेला. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून चालत वर जाता येतं. खाली गोदी, क्रेन आणि पूर्वेची खाडी दिसते. मुंबईत जन्म गेलेल्या कितीतरी लोकांनी हा पूर्वेचा समुद्र एकदाही उंचावरून पाहिलेला नाही.

कमला नेहरू पार्कातून गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा बाक दिसतो. संध्याकाळी दिवे लागले की सगळे मोबाईल वर काढतात. चांगला गाईड तिथे आणखी पाच मिनिटं थांबवतो. तो सांगतो की समोर दिसतो त्या किनाऱ्याचा बराच भाग समुद्र होता. अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस बंद झाला, मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने गेला आणि त्या पैशाच्या धुंदीत बॅक बे भरून काढायची कंपनी निघाली. तिचे शेअर आकाशाला भिडले. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले आणि कंपनीसह निम्मं शहर बुडालं. बुडालेल्यांत प्रेमचंद रायचंद होते, ज्यांनी आदल्याच वर्षी विद्यापीठाला ती देणगी देऊन टाकली होती. भरावाचं काम पुढे १९२० च्या दशकात पुन्हा सुरू झालं आणि त्यावर मरीन ड्राइव्ह आला. राजाबाई टॉवर आणि हा समुद्रकिनारा एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत, हे इथे उभं राहिल्यावर कळतं.

आणि तिथून उतरून बाणगंगेला गेल्याशिवाय मलबार हिल पाहिलं असं म्हणूच नये. समुद्र हाकेवर असून तळ्यात झऱ्याचं गोडं पाणी. तळं शिलाहारांच्या काळातलं, ११२७ सालचं सांगतात. पोर्तुगीजांनी पाडलेलं वाळकेश्वराचं देऊळ १७१५ च्या सुमारास पुन्हा बांधलं रामा कामत या सारस्वत व्यापाऱ्याने. हाच रामा कामत ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत मोठ्या हुद्द्यावर होता. १७२० साली कान्होजी आंग्र्यांशी त्याचं संधान असल्याचा आरोप ठेवून कंपनीने त्याच्यावर खटला चालवला, मालमत्ता जप्त केली आणि तो कैदेतच वारला. पुरावा म्हणून दाखवलेलं पत्र बनावट होतं, हे मागाहून उघड झालं. इंग्रजांनी बांधलेली मुंबई म्हणता त्या मुंबईतली ही गोष्ट आहे. २०२४ साली गाळ काढताना तळ्याच्या जुन्या पायऱ्यांचं नुकसान झालं. त्या पायऱ्या कुणाच्या आणि किती जुन्या हे ज्याने ऐकलंय, त्याला ती बातमी वाचताना जे वाटलं ते इतरांना वाटणं कठीण.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा मेसेजात उल्लेखही नाही. ६१ मीटर उंच, उभ्याच्या उभ्या कातळस्तंभांची टेकडी, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून थिजलेली. माथ्यावर गावदेवीचं देऊळ. चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेली आहे. म्हणून तर लवकर बघा.

‘गाईड थापा मारतात’ हा आरोप मात्र मला पूर्ण झटकता येणार नाही. मारतात काही जण. ‘ताज उलटं बांधलं गेलं म्हणून वास्तुविशारदाने जीव दिला’ ही गोष्ट अजून सांगितली जाते. खरं तर तेव्हाचं प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं ते ठरवूनच. ‘सीएसएमटीचा नकाशा चुकून मेलबर्नला गेला आणि तिथला इथे आला’ असंही सांगतात. मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या आराखड्याची स्पर्धा १८९९ सालची, आपलं स्टेशन त्याआधी अकरा वर्षं पुरं झालेलं. ‘पंचम जॉर्ज गेटवेतून आत आले’ हे तर पाठ्यपुस्तकासारखं ठोकून देतात. राजेसाहेब डिसेंबर १९११ मध्ये आले, गेटवेची कोनशिला मार्च १९१३ मध्ये बसली आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला झालं. त्या कमानीतून समारंभाने बाहेर पडलेल्यांत लक्षात ठेवायची ती शेवटची ब्रिटिश पलटण, २८ फेब्रुवारी १९४८.

पण थापाड्या गाईडवर उपाय जाणता गाईड हाच आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या परवान्याचे गाईड असतात, त्यांच्याकडे ओळखपत्र असतं, बेलाशक मागा. वास्तुकला, इतिहास शिकलेली मुलंमुली वॉक घेतात. त्यांना ‘हे कशावरून?’ असं विचारा. चांगला गाईड अशा प्रश्नाने खुलतो, आणि दंतकथा असेल तर दंतकथा म्हणून सांगतो. आणि लक्षात घ्या, वरच्या तिन्ही थापा आज सगळ्यात जास्त पसरतात त्या मोबाईलवरूनच.

मोबाईलचा मुद्दा तिथेच निम्मा निकालात निघतो. उरलेला निम्मा असा, की मुकुंद रामचंद्र हे नाव कानावर पडल्याशिवाय ते कुणी शोधणार कसं? शिवाय काही दारं एकट्याला उघडत नाहीत. महापालिकेचं मुख्यालय, तेही स्टीव्हन्सचंच, २०२१ पासून मार्गदर्शित फेरीसाठी खुलं झालं. एरवी कामाशिवाय आत कोण सोडणार? उच्च न्यायालयाच्या इमारतीतही अशा फेऱ्या सुरू झाल्या. राजभवनात २०१६ साली सापडलेलं भुयार आता संग्रहालय झालं आहे आणि तिथेही आधी नोंदणी करूनच जावं लागतं. स्क्रीनवर घुमटाचा फोटो दिसतो. घुमटाखाली उभं राहून बोललं की आवाज कसा घुमतो, ते तिथेच ऐकावं लागतं.

अर्ध्या दिवसात उरकतं म्हणता, तर उरकणाऱ्या बसगाड्या आहेत, आणि त्यांच्यावर माझाही राग आहे. वीस मिनिटं गेटवे, दहा मिनिटं म्हातारीचा बूट, मग दुकानासमोर तासभर गाडी उभी. अशा सहलीला कुणी नावं ठेवली तर मी साथ देईन. म्हणून एका दिवशी फोर्ट आणि ओव्हलचा परिसर पायी करा. २०१८ साली जागतिक वारसा ठरलेल्या गॉथिक आणि आर्ट डेको या दोन शैलींतल्या इमारती मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या आहेत, एवढं बघण्यात सकाळ जाते. मलबार हिल आणि बाणगंगेला वेगळा दिवस, भायखळा आणि माझगावला वेगळा. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना बेस्टच्या दुमजली गाडीतून संध्याकाळी रोषणाई दाखवा, ती सहल त्यांच्यासाठी उत्तम आहे.

पैशाचं थोडक्यात. बाणगंगा, कमला नेहरू पार्क, बॅप्टिस्टा उद्यान यांना तिकीट नाही. मलबार हिलच्या झाडीतून जाणारी ४८५ मीटरची उंच लाकडी पायवाट मार्च २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिकीट २५ रुपये ठेवलं. खर्च होतो तो गाईडचा. दोन-तीन घरांनी मिळून गाईड ठरवला तर माणशी भार हलका होतो. ठरवताना मराठीतून सांगणारा गाईड हवा असं आधीच स्पष्ट सांगा आणि ग्रुपमध्ये मुलं असतील तर तेही कळवा. पावसाळ्यात जाणार असाल तर बाणगंगेच्या पायऱ्या निसरड्या असतात, पायात धड पकड असलेली चप्पल घाला.