पुण्याची हवा ‘समाधानकारक’ आहे म्हणे

थंडी पडली की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच. पुणे म्हणजे दिल्ली नव्हे. आपला एक्यूआय (हवा किती घाण ते सांगणारा आकडा; जितका जास्त तितकी हवा वाईट) शंभरच्या आत, म्हणजे ‘समाधानकारक’. सह्याद्रीचा वारा सगळी घाण वाहून नेतो. गाडीवर स्कार्फ बांधायचा, रात्री गुळाचा खडा खायचा, फुप्फुसं साफ. आणि तसंही पुणेकरांना आता सवय झाली आहे. खाली चार-पाच नमस्कार.

दिल्लीपेक्षा आपण बरे, हे खरं. पण शेजारचा नापास झाला म्हणून आपण पास होत नाही. शिवाय धोक्याचा आलेख सरळ रेषेत चढत नाही. हृदयविकाराच्या बाबतीत तर तो कमी प्रदूषणालाच झपकन चढतो आणि पुढे जरा सपाट होतो. त्यामुळे निम्मं प्रदूषण म्हणजे निम्मा धोका, हे त्रैराशिक इथे चालत नाही.

आता ‘समाधानकारक’. सगळा घोळ या शब्दात आहे. आपल्याकडे एक्यूआय ५१ ते १०० असला की हा शिक्का बसतो. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण. त्यांच्यापुरतं बोलायचं तर १०० एक्यूआय म्हणजे घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, चोवीस तासांची सरासरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घातलेली चोवीस तासांची मर्यादा आहे १५. चौपट! आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तक्त्यात ‘समाधानकारक’पुढे लिहिलंय की नाजूक प्रकृतीच्या लोकांना श्वसनाचा किरकोळ त्रास होऊ शकतो. एवढं वाचून मग मेसेज पुढे ढकलावा.

शिवाय ती सरासरी आहे. दुपारी ऊन आणि वारा असताना आकडा खाली येतो, सकाळ-संध्याकाळ वर जातो. दिवसाअखेर दोन्ही एकाच आकड्यात मुरतात. ऑफिसला जाणारा माणूस मात्र नेमका वर गेलेल्या वेळी रस्त्यावर असतो. हवा मोजणारं यंत्र शिवाजीनगरला किंवा पाषाणला आपल्या जागी उभं. तुम्ही बायपासच्या सर्व्हिस रोडवर डंपरच्या मागे, नाक त्याच्या सायलेन्सरच्या उंचीला, सिग्नल सुटायची वाट बघत. वाहनांचा धूर रस्त्यालगत सर्वात दाट असतो आणि शे-दोनशे मीटरवर बराच विरतो. म्हणजे एकाच पेठेत, एकाच दिवशी, मागच्या गल्लीतले आजोबा आणि चौकातला पथारीवाला वेगवेगळी हवा घेतात. अ‍ॅपवरचा आकडा शहराचा असतो, तुमच्या छातीचा नाही.

वाऱ्याचं म्हणणं पावसाळ्यापुरतं मान्य. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा आणि पाऊस हवा खरंच धुऊन काढतात. पण मेसेज फिरतो डिसेंबरात. तेव्हा वारा पडलेला असतो, रात्री जमीन गार होते, गार हवा टेकड्यांमधल्या खोलगट भागात साचते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी बसते. धूर जाणार कुठे? हिवाळ्यात सकाळी सातला वेताळ टेकडीवर जा आणि खाली बघा. इमारतींच्या कमरेला जो तपकिरी पट्टा दिसतो, त्याला लोक कौतुकाने धुकं म्हणतात. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी थंडीत पहाटे फिरायला जाण्यापेक्षा ऊन वर आल्यावर जावं, ते यासाठी.

स्कार्फचं थोडक्यात. धुताना काळं पाणी निघतं, म्हणून लोकांना वाटतं की अडकलं सगळं. अडकते ती जाड धूळ. बारीक कण सुती कापडाच्या विणीतून आणि कडांवरून सहज आत जातात. ऊन अडवायला स्कार्फ उत्तम; कणांसाठी नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो.

गुळामागे खरोखर एक प्रयोग आहे, १९९४ मधला, उंदरांवरचा. उंदरांच्या फुप्फुसात कोळशाची धूळ सोडून त्यांना गूळ दिला, तेव्हा कण फुप्फुसातून जास्त प्रमाणात लसिका ग्रंथींकडे सरकलेले दिसले. ग्रंथींकडे, शरीराबाहेर नव्हे. एवढ्यावरून माणसाला रोजचा खडा लिहून देणं धाडसाचं आहे, आणि घरात मधुमेही असेल तर नसतं संकट.

उरली सवय. खोकला येईनासा होणं म्हणजे शरीर सरावलं असं नव्हे. बारीक कणांनी शरीरात दाह वाढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. यातलं काहीच खोकून कळत नाही. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाने होणाऱ्या अकाली मृत्यूंत मोठा वाटा हृदयविकार आणि पक्षाघाताचा आहे, दम्याचा नाही. मुलांचं तर आणखी वेगळं. दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांना वर्षानुवर्षं तपासलं, तेव्हा घाण हवेत वाढलेल्यांच्या फुप्फुसांची वाढ कमी भरली. पुढे तिथली हवा सुधारली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नंतरच्या मुलांची वाढ चांगली निघाली. सवयीने नाही, हवा बदलल्याने.

मेसेजात एक गोष्ट कधीच नसते: गेटवरची शेकोटी. पालापाचोळा, त्यात दुधाच्या पिशव्या, कुरिअरचं प्लास्टिक, आणि धूर थेट पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांत. वॉचमनला ओरडून उपयोग नाही, त्याला थंडी वाजते. सोसायटीच्या फंडातून जाड स्वेटर, कानटोपी आणि केबिनला दार, एवढं यंदाच्या मीटिंगमध्ये मंजूर करून घ्या.