खंदकातले हाल आणि शौर्य : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लेख शेवटपर्यंत वाचून इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. आपलं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या महायुद्धातल्या खंदकांचं मी रडगाणं गायलंय, ब्रिटिश सैनिक महिन्यातले थोडेच दिवस अगदी पुढच्या खंदकात असत, युद्ध म्हटलं की हाल आलेच, आणि शेल शॉकच्या, म्हणजे तोफांच्या माऱ्याने मन कोलमडण्याच्या, नावाखाली कच्च्या मनाच्या माणसांची कड घेऊन मी टिकून राहिलेल्यांच्या शौर्यावर पाणी फिरवलंय.

पाळीची गोष्ट खरी आहे. काही दिवस पुढे, मग त्यामागच्या खंदकात, मग राखीव, असं ब्रिटिश पलटणींचं चक्र चाले. पण मागे जाणं म्हणजे सुट्टी नव्हे. काटेरी तारांची भेंडोळी, दारूगोळा, पाणी, सगळं रात्रीच्या अंधारात चिखलातून पुढे पोचवायचं ते याच ‘विश्रांती’वरच्या माणसांनी. आणि ही पाळी लावली कोणी? लष्करानेच. माणूस तिथे फार दिवस तग धरत नाही हे त्यांना कळलेलं होतं.

आता पायांचं बघा. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात थोडं खणलं की पाणी लागतं. 1914-15 च्या हिवाळ्यात सैनिक त्या थंडगार पाण्यात तासन्‌तास उभे असत. ओले बूट, पोटरीला घट्ट गुंडाळलेल्या पट्ट्या, त्यामुळे पायाला रक्त पोचेना. आधी पाय बधिर होई, मग सुजे, बूट काढला तर परत आत जात नसे, पुढे काळानिळा पडून सडायला लागे. काहींचे पाय कापावे लागले. त्या एका हिवाळ्यात ब्रिटिश फौजेत असे वीस हजारांवर रुग्ण झाले. मग हुकूम निघाले: कोरडे मोजे बदला, व्हेल माशाचं तेल चोळा, जोडीदाराने जोडीदाराचे पाय तपासा, आणि पलटणीत रुग्ण वाढले तर अधिकाऱ्याने जाब द्यावा. पाय सडला म्हणून त्या सैनिकाला कच्चा कोणी म्हटलं नाही. आपणही म्हणणार नाही, याची मला खात्री आहे.

मनाला मात्र हा न्याय मिळाला नाही, आणि माझा सगळा लेख त्यासाठीच होता.

उवा आणि उंदीर यांची लोकांना थोडीफार सवय होई. मेणबत्तीची ज्योत शर्टाच्या शिवणीवरून फिरवून उवा जाळत बसणं हा तर रोजचाच उद्योग होता. तोफांच्या माऱ्याची सवय होत नसे. फ्रान्समध्ये सॉम नदीकाठी झालेल्या ब्रिटिश-फ्रेंच हल्ल्याआधी, जून 1916 च्या अखेरीस, जर्मन खंदकांवर सात दिवस तोफा चालू होत्या. जमिनीखालच्या बिळात बसलेल्या त्या जर्मन पोरांनी करायचं काय? हातात बंदूक आहे, अंगात धमक आहे, पण समोर मारायला कोणी नाही. पुढचा गोळा कुठे पडतोय ते ऐकत बसायचं, बस. शौर्य दाखवायलाही काही करता यावं लागतं हो.

शौर्य मी नाकारतच नाही. 31 ऑक्टोबर 1914 ला बेल्जियममध्ये होलेबेक इथे सोबतचे सगळे पडल्यावरही मशीनगन चालवत राहिलेल्या शिपाई खुदादाद खान यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्याच आघाडीवरून हिंदी शिपाई घरी जी पत्रं लिहीत, त्यांत सेन्सॉरचा डोळा चुकवायला ‘काळी मिरी’ म्हणजे हिंदी सैनिक आणि ‘लाल मिरची’ म्हणजे गोरे, अशी सांकेतिक भाषा असे. मिरी संपत आली, एवढं कळलं की घरचे काय ते समजत. ही पत्रं लिहिणारे भित्रे होते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

राहिला ‘कच्च्या मनाचा’ हा शब्द. हॅरी फार हा ब्रिटिश शिपाई 1914 पासून फ्रान्समध्ये लढत होता. 1915 मध्ये शेल शॉकमुळे तो पाच महिने इस्पितळात होता. हात इतके थरथरत की बायकोला जाणारी पत्रं परिचारिका लिहून देई. बरा झाला म्हणून त्याला परत पाठवलं. सप्टेंबर 1916 मध्ये त्याने आघाडीवर जायला नकार दिला. खटल्यात बाजू मांडायला वकील नव्हता, त्याची त्यालाच मांडावी लागली. ऑक्टोबरमध्ये भित्रेपणाच्या आरोपाखाली त्याला गोळ्या घातल्या. 2006 मध्ये ब्रिटिश सरकारने अशा 306 सैनिकांना माफी दिली, त्यांत तोही आहे.

त्याच्या खटल्याचे कागद लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तो शब्द त्याला लावायचा की नाही, एवढंच मला आपल्याकडून ऐकायचं आहे. जरूर लिहा.