दिवाळी पहाटेला कोणती गाणी चालतात?

दिवाळी संपली, फराळाचे डबे रिकामे झाले, तरी आमच्या शाळेच्या ग्रुपवरचं भांडण मिटलेलं नाही. पुण्यातल्या एका दिवाळी पहाटेला एका तरुण गायिकेने नाट्यपद, भावगीतं, अभंग असं सगळं म्हणून झाल्यावर वामनदादा कर्डकांचं बाबासाहेबांवरचं एक गीत घेतलं. लोकांनी टाळ्या दिल्या, असं तिथे हजर असलेली मैत्रीण सांगते. पण दुपारपर्यंत ग्रुप पेटला. सणाच्या दिवशी हे कशाला, गाण्याला जात नसते, आता सुरांतही राजकारण आणणार का. मला सगळ्यात लागलं ते एका मित्राचं वाक्य. त्याचं गाणं मी शाळेपासून कान देऊन ऐकत आले आहे. तो म्हणाला, "चळवळीतली गाणी चळवळीत शोभतात. मैफलीत ती प्रचारकीच वाटतात."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर आहे आणि ते माझ्या गाडीत रोज वाजतं. शिकागोच्या नेपरव्हिल या उपनगरातून ऑफिसला जाताना आय-८८ महामार्गावर गर्दी असतेच. गेली काही वर्षं त्या गर्दीत मी मेव्हिस स्टेपल्स या शिकागोच्या काळ्या गायिकेचा 'वुइल नेव्हर टर्न बॅक' हा अल्बम लावते. २००७ साली तो आला तेव्हा ती ६७ वर्षांची होती. अमेरिकेतल्या काळ्यांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत मोर्च्यांमध्ये, तुरुंगात, चर्चमध्ये म्हटली गेलेली गाणी तिने राय कूडर या गिटारवादक निर्मात्याबरोबर पुन्हा बांधली. सोबतीला १९६०च्या दशकात गावोगाव फिरून गाणाऱ्या मूळ फ्रीडम सिंगर्सपैकी काही जण होते, दक्षिण आफ्रिकेचं लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो हे गायनपथक होतं. म्हणजे शंभर टक्के चळवळीची गाणी, माझ्या मित्राच्या शब्दांत शंभर टक्के प्रचारकी. समीक्षकांनी या अल्बमची भरभरून तारीफ केली, आणि तीही विषयाला मान द्यायचा म्हणून केलेली नव्हती. कूडरची गिटार, जिम केल्टनरचे ड्रम्स आणि त्यांवर तो खालच्या पट्टीतला, घशाच्या तळातून येणारा, जागोजागी खरखरलेला आवाज. हे संगीत म्हणूनच मोठं काम आहे.

यातलं पहिलंच गाणं ऐका. मूळ गाणं जे. बी. लेनॉअर या शिकागोच्या ब्लूज गायकाचं, मिसिसिपीबद्दलचं. मेव्हिस मध्येच गाणं थांबवल्यासारखं करून बोलायला लागते. लहानपणी मिसिसिपीत आजीकडे गेली असताना ती पाणी प्यायला एका नळापाशी गेली, तर आजीने हटकलं. तुझा नळ तो, पलीकडचा. त्यावर पाटी होती, फक्त काळ्यांसाठी. ताल चालूच असतो, ती सांगत राहते, आवाज चढवत नाही.

पाणी. मी महाराष्ट्रात वाढलेली बाई आहे. २० मार्च १९२७, महाड, चवदार तळं, हे आठवल्याशिवाय मी ते गाणं ऐकूच शकत नाही. वामनदादांच्या आणि त्यांच्या आधीच्या, नंतरच्या जलसेकारांच्या, शाहिरांच्या गाण्यांत दुसरं काय आहे? कोणत्या नळाचं पाणी कोणी प्यायचं, हेच आहे. नात्याचा हा धागा मी जुळवलेला नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या अमेरिकेतल्या काळ्या विचारवंतांना पत्र लिहिलं होतं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतलं ते इथल्या ब्लॅक पँथरचं. आणि ग्रुपवरच्या मंडळींना मी हेही विचारलं: १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणावर आपण सगळ्यांनी 'हम होंगे कामयाब' म्हटलं ना? ते मेव्हिसच्या याच चळवळीतल्या 'वुई शॅल ओव्हरकम' या गाण्याचं हिंदी रूप आहे. तेव्हा कोणाला ते प्रचारकी वाटलं नाही. आपल्याला तर अजून अंतऱ्यासकट पाठ आहे.

मला माहीत आहे, ग्रुपवर लगेच कोणी म्हणेल, तुमच्या अमेरिकेचं कौतुक पुरे. कौतुक आहेच, मी नाकारत नाही. इथे शिकागोत मेव्हिसची गाणी ऐकायला सगळ्या रंगांचे, सगळ्या वयांचे लोक येतात, आणि ती मध्येच डॉक्टर मार्टिन लूथर किंगविषयी बोलायला लागली तर कोणी उठून जात नाही. मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. पुण्यात निम्म्या सभागृहाने घड्याळं पाहिली असती. पण हे इथेही आपोआप झालेलं नाही. त्याच लेनॉअरने १९५४ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरवर नाव घेऊन ब्लूज गायला, तर रेकॉर्ड कंपनीला ते गाणं मागे घेऊन नाव बदलून पुन्हा काढावं लागलं. पुढे त्याची अलाबामा-मिसिसिपीवरची गाणी निघाली ती युरोपात, त्याच्या स्वतःच्या देशात नाही. सुरांत राजकारण नको, हे वाक्य इथेही म्हणून झालं आहे. मग माणसं गात राहिली, म्हणून ते मागे पडलं.

मेव्हिसच्या वडिलांकडे पाहा. पॉप्स स्टेपल्स मिसिसिपीतल्या डॉकरी मळ्यावर वाढले, तिथे चार्ली पॅटनचा ब्लूज ऐकत गिटार शिकले. १९३०च्या दशकात शिकागोला आले, कत्तलखान्यांत राबले आणि घरी मुलांना बसवून गाणं शिकवलं. चर्चमध्ये गाणारं कुटुंब. माँटगोमेरीत डॉक्टर किंगचं प्रवचन ऐकून आल्यावर त्यांनी मुलांना सांगितलं, की हा माणूस जे प्रवचनात सांगतो आहे ते आपण गाऊ शकतो. १९६५ मध्ये सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चासाठी त्यांनी गाणं लिहिलं आणि ते इथल्याच एका चर्चमध्ये लोकांसमोर रेकॉर्ड झालं. भक्तिगीत कुठे संपलं आणि चळवळीचं गाणं कुठे सुरू झालं, हे त्या घरात कोणी विचारलं नाही. आपल्याकडे तुकोबा-चोखोबा मैफलीत चालतात. "धाव घाली विठू आता" म्हणताना डोळे मिटतात. चोखोबाला देवळाबाहेर कोणी आणि का ठेवलं होतं, ते सांगणारं गाणं पुढे आलं की मात्र सण आठवतो.

भांडण ऐन रंगात असताना मी ग्रुपवर या अल्बमची लिंक टाकली. काही लिहिलं नाही, नुसती लिंक. सगळ्यांना आवडला! काय दमदार आवाज, काय वेदना, अंगावर काटा आला. त्या मित्राने तर १९६४च्या उन्हाळ्यावरचं गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं म्हणून लिहिलं. मिसिसिपीत बेपत्ता झालेल्या तिघा कार्यकर्त्यांना शोधताना नदीत दुसऱ्याच काळ्या माणसांची प्रेतं सापडली होती, त्याचं ते गाणं. ते त्याला प्रचारकी वाटलं नाही.

मी दोन दिवस या प्रतिक्रियांवर चिडून होते. मग हळूहळू कळलं, की तो जे ऐकतो आहे तेच मीही आय-८८ वर ऐकते आहे. मेव्हिसच्या गाण्यात नळावर पाटी लावणारे माझे कोणी नाहीत. त्या गाण्यात मला आजीच्या बाजूला बसता येतं, नातीच्या बाजूला बसता येतं, कोणी उठवत नाही. वामनदादांचं गाणं लागलं की मला कुठे बसायचं ते कळत नाही. त्या गाण्यातला पाणवठा अडवणारा वाडा आमच्याच आळीतल्या वाड्यांसारखा असतो. पुण्यात आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा वस्तीत दर १४ एप्रिलला रात्रभर ही गाणी वाजायची, आणि घरात खिडक्या लावून घेतल्या जायच्या. मी त्या खिडकीच्या आतली. मराठी कोणाची, गाणं कोणाचं, हे मला परदेशात येऊन प्रश्न पडायला लागले, आणि इथे त्यांची उत्तरं द्यायला आजूबाजूला कोणी नाही.

इथे मी कोण आहे हेही धड ठरलेलं नाही. फेब्रुवारीत, ब्लॅक हिस्ट्री मंथला, लेकीच्या शाळेत मुलांनी या अल्बममधलं 'धिस लिटल लाइट ऑफ माइन' म्हटलं. गोड म्हटलं, हातांचे अभिनय करून. वर्गात काळी मुलं अगदी थोडी. डॉक्टर किंग १९६६ साली शिकागोत घरांच्या हक्कासाठी मोर्चा घेऊन निघाले तेव्हा मार्केट पार्क (Marquette Park) या भागात त्यांच्या डोक्याला दगड लागला होता. त्या शहराच्या बाहेर पसरत गेलेल्या उपनगरांपैकी एकात, चांगल्या शाळा बघून, मी घर घेतलं आहे. शिकागोची म्हणून मी जी मिरवते ती मेव्हिस या उपनगराची नाही, शहराच्या दक्षिणेकडच्या, काळ्यांच्या वस्त्यांच्या साउथ साइडची आहे. डॅन रायन महामार्गावरून जाताना मी तो भाग गाडीच्या काचेतून पाहते.

तरीही मित्राचं म्हणणं मला मान्य नाही, आणि आता तर मुळीच नाही. ऐकणारा कुठे बसला आहे यावरून जर एक गाणं कला आणि दुसरं प्रचार ठरत असेल, तर दोष गाण्याकडे नाही. वामनदादांच्या चाली बांधेसूद आहेत, शब्द तोलून ठेवलेले आहेत, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या या माणसाने आयुष्यभर गावोगाव उभं राहून ती गाणी लोकांच्या तोंडी घातली. त्यांना एक चांगला संयोजक, चांगला स्टुडिओ, चांगले वादक मिळून असा एखादा अल्बम निघाला तर मी तो मेव्हिसच्या शेजारी लावेन.

आमच्या इथल्या मंडळाच्या कार्यक्रम-समितीपुढे मी हे मांडलं. पुढच्या गणपतीत नाट्यपद, लावणी, कोळीगीत असतंच, तसं एक भीमगीत घेऊया. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एक जण म्हणाले, "इथे आपण सगळे मराठी म्हणून एकत्र येतो, इथे जात कशाला आणायची?" सिअ‍ॅटलने २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा केला आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातलं तसंच विधेयक गव्हर्नरांनी नाकारलं, तेव्हाही आमच्या पार्ट्यांमध्ये हेच वाक्य फिरत होतं. दुसऱ्या बाईंनी रास्त प्रश्न विचारला, की गाणार कोण? मी गाऊ शकत नाही, माझ्या आडनावाने ते गाऊही नये असं मला वाटतं. पुण्यातली ती गायिका कोणत्या घरातली आहे हे मला माहीत नाही. आमच्या मंडळात हे गाणं आईच्या तोंडून ऐकत वाढलेलं कोणी तरी नक्की असेल. पण इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी ते आम्हाला सांगितलेलं नाही, आणि त्या बैठकीतलं वाक्य ऐकल्यावर ते का सांगितलं नसेल हे मला कोणी समजावून द्यायला नको.