आपुलकीचा भाव

कार्डाच्या अटी मी भिंग लावून वाचल्या होत्या, हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे झालं ते अज्ञानापोटी झालं, असं कुणी म्हणायला नको.

युरोपला निघायच्या आधी आठवडाभर आई बॅगा भरत होती आणि मी अटी वाचत होते. हरवलेलं सामान, चुकलेलं विमान अशी सगळी कलमं ओलांडल्यावर अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात, ती ओळ सापडली. फॉरेक्स मार्कअप, ३.५ टक्के.

"म्हणजे काय गं?" आईने विचारलं.

"म्हणजे तिकडे शंभराचं काही घेतलं, की बँक वरचे साडेतीन घेणार. चलन बदलून दिल्याबद्दल."

"मग शंभराचं काही घेऊ नकोस."

आईच्या अर्थशास्त्राला उत्तर नसतं. मी तो नाद सोडला आणि शोधाशोध केली, तेव्हा कळलं की मार्कअप अजिबात न लावणारी कार्डंही असतात. लगेच एक मागवलं. नवं असल्यामुळे त्याची खर्चाची मर्यादा बेताची होती, पण मार्कअप शून्य! पाकिटातून काढून मी ते चार वेळा उलटसुलट करून पाहिलं. आता युरोप म्हणजे आपलंच अंगण.

पहिल्याच संध्याकाळी कॅफेत वेटर मशीन घेऊन आला. मशीन माझ्यापुढे धरून त्याने अदबीने मान दुसरीकडे वळवली. पडद्यावर दोन आकडे होते, वरचा युरोत आणि खालचा चक्क आपल्या चलनात. आता बघा, रस्त्यावरच्या पाट्या कळत नाहीत, मेनूतली निम्मी नावं जिभेवर बसत नाहीत, अशा ठिकाणी अचानक आपलं चलन दिसलं तर माणसाचं काय होईल? जत्रेच्या गर्दीत माहेरचं माणूस दिसावं तसं मला झालं. शिवाय युरोला मनातल्या मनात गुणायचं होतं आणि वेटर ताटकळला होता. मी माहेरच्या माणसाला मिठी मारली. म्हणजे खालचं बटण दाबलं.

रात्री हॉटेलात पावती मांडून हिशेब केला. त्या दिवशीच्या दरापेक्षा चांगले सहा टक्के जास्त गेले होते.

या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन असं भारदस्त नाव आहे. चलन बदलायचं काम मशीनवाले तुमच्या बँकेपर्यंत जाऊच देत नाहीत. ते गल्ल्यावरच उरकतात, दर त्यांचा, आणि त्या कमाईतला वाटा बऱ्याचदा दुकानदारालाही मिळतो. म्हणजे माझं शून्य मार्कअपचं कार्ड बिचारं काय करणार? त्याच्याकडे परदेशी चलन पोचलंच नव्हतं. मी छत्री उघडून उभी, आणि पाणी खालून आलं. साधं कार्ड असतं तर आणखी गंमत, कारण दुकान परदेशातलं आहे एवढ्यावरून काही बँका अशा बिलावरही आपलं शुल्क लावतात. एकाच मानेवर दोन सुऱ्या.

बरं, फसवलं म्हणावं तर तसंही नाही. दर, वरचे टक्के, सगळं पडद्यावर लिहिलेलं होतं. युरोपियन युनियनने तर स्वतःच्या लोकांसाठी २०२० पासून ही वाढ युरोपियन सेंट्रल बँकेच्या दराशी ताडून टक्क्यांत दाखवणं सक्तीचं केलंय. मशीन खोटं बोललं नव्हतं. मीच वाचलं नव्हतं. भिंग बॅगेत होतं. मराठीत दरालाही भाव म्हणतात आणि मायेलाही. मशीनने माझा दुसरा भाव ओळखला आणि पहिला लावला.

दुसऱ्या दिवसापासून मी वेगळीच बाई झाले. वेटर दहा पावलांवर असतानाच मी "युरो! ओन्ली युरो!" अशी आरोळी ठोकायची. म्युझियमच्या तिकीट खिडकीतली मुलगी तर इतकी दचकली की तिने आधी माझ्याकडे आणि मग सुरक्षारक्षकाकडे पाहिलं. आई ओळख नसल्यासारखी दोन पावलं मागे राहू लागली.

मग एटीएम. तिथे वेटरही नसतो, त्यामुळे मशीनला कुणाची भीडभाड नसते. 'रूपांतर स्वीकारा' हे बटण हिरवंगार, पाटाएवढं. 'रूपांतराशिवाय पुढे जा' ही ओळ कोपऱ्यात, करड्या रंगात, आजारी असल्यासारखी. वर इशारा असा, की नकार दिलात तर दराची हमी नाही. वाचणाऱ्याला वाटतं, नकार दिला तर पैसेच मिळणार नाहीत, कार्ड जप्त होईल, कदाचित आपणही. मी देवाचं नाव घेऊन करडं बटण दाबलं. नोटा खळखळ बाहेर आल्या. त्या क्षणी मला जो विजय वाटला, तो दहावीच्या निकालालाही वाटला नव्हता.

रस्ता ओलांडताना आठवलं, की कार्ड क्रेडिटचं होतं. क्रेडिट कार्डावर रोख काढली की त्याचं शुल्क वेगळं, आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू. बिनव्याजी मुदत खरेदीला असते, रोख रकमेला नाही. हेही मी वाचलं होतं. बहुधा नवव्या पानावर.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही. जिंकले."

जॅकेटची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण आठवली की जळजळ होते. घेतलं, परत केलं. दुकानाने जेवढे युरो घेतले तेवढेच परत दिले. माझ्या खात्यात मात्र कमी आले, कारण परताव्याला परताव्याच्या दिवसाचा दर. युरो पूर्ण आले, मीच अपुरी पडले.

शेवटच्या सकाळी हॉटेल सोडताना आई सामान मोजत होती आणि मी क्षणभर तिकडे पाहिलं. तेवढ्यात काउंटरवरच्या सज्जन तरुणाने कार्ड कुठल्या देशाचं ते ओळखून, माझा त्रास वाचावा म्हणून, स्वतःच बटण दाबलं होतं. पावती आली. सबंध मुक्कामाचं बिल, आपल्या चलनात.

मी ते रद्द करायला लावलं. तसं करता येतं, फक्त काउंटरवरून हलायचं नाही. रांग वाढली, मॅनेजर आला, व्यवहार रद्द झाला आणि तेच बिल पुन्हा युरोत लागलं. मी तृप्त झाले.

विमानतळावर दोन कॉफी मागवल्या आणि कार्ड नाकारलं गेलं. रद्द झालेली रक्कम सुटायला काही दिवस लागतात. तोवर बेताच्या मर्यादेवर एकाच बिलाची दोन ओझी बसली होती. दुसरं कार्ड सुरक्षेसाठी मोठ्या बॅगेत ठेवलं होतं, आणि बॅग पट्ट्यावरून केव्हाच आत गेली होती. एटीएममधल्या नोटा मी व्याजाच्या धास्तीने आदल्या दिवशीच संपवल्या होत्या.

आईने पर्सचा आतला कप्पा उघडला आणि घडी केलेली वीस युरोची नोट काउंटरवर ठेवली.

"ही कुठून आणलीस?"

"निघताना बदलून घेतली होती."

"कुठे? काय दराने?"

"कॉफी घे," आई म्हणाली. "दर विचारू नकोस."