रॉजर दुसऱ्याला राज्य आयतं मिळालं नव्हतं, आणि तो छुपा मुस्लिमही नव्हता

इटलीजवळच्या सिसिली बेटाचा नॉर्मन राजा रॉजर दुसरा याच्यावरची एक पोस्ट सध्या खूप शेअर होतेय. त्यात म्हटलंय की याला बापाकडून राज्य आयतं मिळालं, पोपने खुशीखुशी मुकुट दिला आणि हा आतून मुस्लिमच होता, पुरावा काय तर राज्याभिषेकाच्या लाल झग्यावरची अरबी अक्षरं. तिन्ही गोष्टी चूक आहेत.

आधी बापाचं. बाप, म्हणजे रॉजर पहिला, राजा नव्हताच, काउंट (सरदार) होता, आणि तो 1101 मध्ये गेला तेव्हा हा पोरगा पाच वर्षांचा. थोरला भाऊ सायमन 1105 मध्ये वारला म्हणून गादी याच्याकडे आली, पण 1112 पर्यंत कारभार आई अ‍ॅडलेडने सांभाळला. दक्षिण इटलीतलं अपुलिया तर बापाच्या वारशात नव्हतंच, 1127 मध्ये तिथला ड्यूक विल्यम निपुत्रिक मेला तेव्हा यानं त्यावर हक्क सांगितला आणि पोप होनोरियस दुसरा थेट सैन्य घेऊन आडवा आला.

आता खुशीखुशी मुकुट. 1130 मध्ये एकाच वेळी दोन पोप निवडले गेले, इनोसंट दुसरा आणि अनाक्लेटस दुसरा. अनाक्लेटसला पाठबळ हवं होतं, रॉजरला राजा व्हायचं होतं, सौदा जमला आणि त्याच नाताळात सिसिलीची राजधानी पालेर्मो इथे राज्याभिषेक झाला. पण पुढे बहुतेक युरोप इनोसंटच्या बाजूने गेला, म्हणजे मुकुट डोक्यावर असून त्याला कोणी मानेना! 1132 मध्ये नोचेराच्या लढाईत हरला, 1137 मध्ये रिन्यानोच्या लढाईत परत हरला, जर्मन सम्राट लोथारही चालून आला, तरी गडी मागे हटला नाही. शेवटी जुलै 1139 मध्ये गालुच्चोजवळ त्याच्या माणसांनी खुद्द इनोसंटलाच पकडलं आणि कैदेतल्या पोपने त्याला राजा म्हणून मान्यता दिली. यात खुशी कुठे दिसते?

आणि तो झगा. तो आज व्हिएन्नात आहे, दोन सिंह दोन उंटांवर झेपावलेत आणि काठाला सोन्याच्या जरीत कूफी या जुन्या अरबी लिपीतला मजकूर आहे, त्यातच हिजरी 528 लिहिलंय, म्हणजे 1133-34. राज्याभिषेक 1130 चा, मग हा त्या दिवसाचा कसा असेल? अरबी तर पालेर्मोच्या दरबारात ग्रीक आणि लॅटिनइतकीच रोजची होती, आई अ‍ॅडलेडचं 1109 चं कागदावरचं पत्रसुद्धा ग्रीक आणि अरबीत आहे. अल-इद्रिसी या मुस्लिम भूगोलतज्ज्ञाकडून रॉजरने जगाचा भूगोल लिहून घेतला हेही खरं, पण म्हणून धर्म बदलला असं कुठे होतं? पालेर्मोच्या मार्तोराना चर्चमधल्या मोझेइकमध्ये (रंगीत तुकड्यांच्या चित्रात) त्याला मुकुट येशूच घालतोय. आणि महदियाचा फिलिप, त्याचाच अ‍ॅडमिरल, लपून इस्लाम पाळतो या आरोपावरून 1153 मध्ये रॉजरच्याच राज्यात जिवंत जाळला गेला.