सातशे डॉलरचा संच आणि साडेसहा हजारांचे बिल

जुन्या अमेरिकी मसल कारचे, म्हणजे दांडग्या ताकदीच्या गाडीचे, इंजिन नव्याने बांधून घ्यायला एकूण किती खर्च येईल, या प्रश्नाला डेट्रॉईटच्या, म्हणजे मोटारींच्या शहराच्या, परिसरात राहूनही सरळ उत्तर मिळत नाही, याचा मला आता मनस्वी संताप आला आहे. मिळतात ती दोनच उत्तरे. एक म्हणजे जाहिरातीतला स्वस्त, हसरा आणि साफ खोटा आकडा. दुसरे म्हणजे इंजिनाचे भाग तासून मापात आणणाऱ्या यंत्रशाळेच्या मालकाने खांदे उडवून म्हटलेले ‘उघडल्यावर कळेल’. उघडल्यावर काय कळते, तर पुढचा भाग उघडल्यावर कळेल एवढेच कळते.

माझी गाडी 1969 ची शेव्हरोले कॅमॅरो आहे आणि तिच्यात 350 घनइंची, म्हणजे 5.7 लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन आहे. हे इंजिन 1967 च्या कॅमॅरोबरोबर आले. ज्या कुळातले ते आहे ते 1955 पासून चालत आले असून त्या कुळातली इंजिने कोट्यवधींनी बनली. त्यामुळे ‘याच्याइतक्या स्वस्तात बांधून होणारे इंजिन जगात दुसरे नाही’ हे वाक्य जो भेटेल तो तोंडावर फेकतो. पुरावा म्हणून संचाची जाहिरात दाखवली जाते: पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, गॅस्केटे, ऑइल पंप आणि टायमिंग चेन, सगळे मिळून सातशे डॉलर. चित्रात सारे काही चकचकीत मांडलेले असते आणि खाली ठळक अक्षरांत ‘संपूर्ण इंजिन संच’ असे छापलेले असते. हे भाग ज्या झिजलेल्या लोखंडात बसवायचे, ते लोखंड आधी नीट करून घ्यायला काय पडते, याबद्दल मात्र त्या जाहिरातीत एक अक्षर नसते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने केली त्याने बहुधा एखादे इंजिन बांधायला दिले असावे, फक्त त्याला मसाला बराच स्वस्त पडला.

खरा खर्च यंत्रशाळेत होतो. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा ओतीव सांगाडा, गरम रसायनाच्या टाकीत धुवायचा, चुंबकीय भुकटी टाकून तडे तपासायचे, सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून रुंद करून, होनिंग करायचे, म्हणजे आतली भिंत बारीक घासायची, आणि होनिंगच्या वेळी वर जाड पोलादी पाट आवळायचा, कारण हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, बोल्ट आवळले की सिलिंडरचा गोलपणा बदलतो. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, ग्राइंड करायचा, कनेक्टिंग रॉडांची मोठी टोके पुन्हा मापात आणून नवे बोल्ट घालायचे, आणि हे सगळे फिरते भाग एकत्र तोलून घ्यायचे. यातले एकही काम अनावश्यक आहे असे मी म्हणत नाही. माझी तक्रार अशी आहे की यातल्या प्रत्येक कामाला ठरलेला दर असतो, तो मालकाला तोंडपाठ असतो, आणि तरीही तो कागदावर उतरवायचे म्हटले की त्याच्या पेनातली शाई संपते.

मी स्वतः वाहनांच्या सुट्या भागांची किंमत काढण्याचे काम करतो. एका साध्या ब्रॅकेटमागे पत्रा किती, दाबयंत्राचे सेकंद किती, भंगारातून परत किती, हे सेंटच्या अपूर्णांकापर्यंत सांगितल्याशिवाय आमच्या बैठकीतून कोणी उठत नाही. आणि त्याच शहराच्या उपनगरात, त्याच धंद्याच्या जोरावर उभ्या राहिलेल्या यंत्रशाळेत, आठ सिलिंडर बोअर करण्याचा दर विचारला की ‘बघू’ हे उत्तर मिळते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे मामा ट्रॅक्टरचे इंजिन घेऊन जात, तेव्हा बोअरिंगवाला हातातले काम न थांबवता दर सांगत असे, घासाघीस होत असे, आणि एकदा ठरला की तो दर चहा संपेपर्यंत तरी बदलत नसे. तिथे संगणक नव्हता, वातानुकूलित स्वागतकक्ष नव्हता, आणि ‘पर्यावरण शुल्क’ नावाची ओळही नव्हती.

आता आधीच्या मालकाचे कर्तृत्व सांगतो. ‘इंजिनाला कारखान्यानंतर कोणाचा हात लागलेला नाही’ असे त्या गृहस्थाने छातीवर हात ठेवून सांगितले होते. हेड उतरवले, पिस्टनच्या माथ्यावरचा काळा थर खरवडला, आणि त्याखाली ‘030’ हे आकडे स्वच्छ कोरलेले निघाले. म्हणजे तीस थाऊ, इंचाचे तीस हजारांश, एवढा बोअर आधीच कोणीतरी मोठा करून ठेवला होता. पहिला ओव्हरसाइज, म्हणजे वाढीव मापाची पहिली पायरी, कोणीतरी आधीच खाऊन टाकला होता, आणि पुढची पायरी चाळीस थाऊची होती. तेवढ्याने काम भागते का हे पाहण्यासाठी भिंतींची जाडी ध्वनिलहरींनी मोजणे आले, त्याचे शंभर डॉलर वेगळे. मग सातव्या सिलिंडरमध्ये गंजाचा असा एक खड्डा सापडला की तो चाळीस थाऊतही निघेना, म्हणून त्या एका सिलिंडरला स्लीव्ह, म्हणजे आत बसवायची नवी लोखंडी नळी, त्याचे दोनशे. या खड्ड्याचा दोष मी यंत्रशाळेला देत नाही. पण मोजमाप पूर्ण झाल्यावर, सगळे आकडे वहीत लिहून झाल्यावर, आता एकूण किती असे विचारले, तेव्हाही त्या माणसाने ‘साधारण नेहमीसारखेच’ असे उत्तर द्यावे, याला काय म्हणावे?

यानंतर जो पेच आला तो तर खास या जुन्या गाड्यांचाच आहे, आणि संच विकणाऱ्यांचा लबाडपणा तिथे उघडा पडतो. या इंजिनाच्या ब्लॉकवर पुढच्या बाजूला, चालकाच्या शेजारच्या आसनाच्या बाजूचे हेड जिथे संपते तिथे, एक छोटीशी सपाट पट्टी असते. तिच्यावर इंजिन कोणत्या कारखान्यात, कोणत्या दिवशी आणि कोणत्या गाडीसाठी जुळवले ते ठोकलेले असते. गाडी आणि इंजिन मूळ जोडीचे आहे की नाही हे त्यावरून ठरते, आणि गाडीची किंमत बऱ्याच अंशी त्यावरून ठरते. जाणकार तर आकड्यांबरोबरच त्या पट्टीवरच्या कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघाही भिंग लावून पाहतात, कारण खोटे आकडे ठोकणाऱ्यांची या बाजारात कमतरता नाही. ही पट्टी ब्लॉकच्या माथ्याच्या सपाटीतच येते. माथा सपाट करण्यासाठी यंत्राचे एक पाते फिरले की आकडे गेले, रेघा गेल्या, आणि गाडीच्या किमतीतले काही हजार डॉलर लोखंडाच्या किसाबरोबर झाडून कचऱ्यात गेले.

म्हणून मी माथा तासू नका असे बजावले. तेव्हा कळले की स्वस्त संचातले पिस्टन मुळातच वीस थाऊने आखूड बनवलेले असतात, कारण पुनर्बांधणीत ब्लॉकचा माथा तासला जाणारच असे बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असते. माथा तासला तर गाडीची ओळख जाते, आणि न तासला तर पिस्टन वरपर्यंत पोहोचत नाही, कॉम्प्रेशन पडते, आणि ज्या ताकदीसाठी ही गाडी घ्यायची तीच मिळत नाही. मग पूर्ण उंचीचे पिस्टन घ्या, वर साडेतीनशे डॉलर मोजा, आणि संचातले आखूड पिस्टन? ते परत घेत नाहीत, कारण संच फुटतो. ‘संपूर्ण इंजिन संच’ या जाहिरातीखाली ‘ब्लॉकचा माथा तासणार असाल तरच’ एवढे शब्द छापायला किती शाई लागली असती, हे मला त्या कंपनीच्या माणसाने समजावून सांगावे.

कॅमशाफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे, प्रकरण याहून महाग निघाले. 1969 च्या या इंजिनात सपाट तळाचे टॅपेट असतात, जे कॅमच्या उंचवट्यावर घासत आणि स्वतःभोवती फिरत चालतात. त्यांना तेलात जस्त आणि फॉस्फरसचे संयुग भरपूर लागते. आधुनिक गाड्यांच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ते मानवत नाही म्हणून आजच्या तेलांत ते कमी केलेले आहे. शिवाय असे इंजिन पहिल्यांदा सुरू झाले की निवांत चालू ठेवता येत नाही. वीस ते तीस मिनिटे ते मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर पळवावे लागते, तरच कॅम आणि टॅपेट एकमेकांत मुरतात. नाही मुरले, तर एक उंचवटा पार झिजतो, त्याचे लोखंडी पीठ तेलातून नव्या बेअरिंगांत जाते, आणि आताच पैसे मोजून बांधलेले इंजिन पुन्हा पूर्ण उतरवावे लागते. अलीकडे मिळणाऱ्या टॅपेटांच्या दर्जाविषयी जो तो कानावर हात ठेवतो. यंत्रशाळेने तर ‘सपाट टॅपेट घातले तर हमी नाही’ असे स्वच्छ सांगितले. बरे, मग तळाला चाक असलेले रोलर टॅपेट घालू म्हटले, तर कारखान्याने या इंजिनाला रोलर टॅपेट दिले 1987 पासून, आणि त्याआधीच्या ब्लॉकमध्ये त्यांना धरून ठेवण्याची सोयच नाही. म्हणून जोडपट्टीचे खास टॅपेट, वेगळा कॅम आणि वेगळ्या लांबीच्या पुशरॉड आल्या, आणि बाराशे डॉलर गेले. या बाराशे डॉलरमध्ये मला वाढीव अश्वशक्ती मिळाली नाही. मिळाली ती फक्त इंजिन पहिल्या अर्ध्या तासात मरणार नाही अशी आशा.

हेडांचे साडेनऊशे. जुन्या पेट्रोलमध्ये शिसे असायचे आणि ते व्हॉल्व्हच्या बैठकांना सांभाळायचे. अमेरिकेत 1996 पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल पूर्ण बंद आहे, म्हणून कठीण पोलादाच्या बैठका बसवणे आले. इथवर माझी हरकत नाही. पण बैठकांचा दर सांगताना त्यात व्हॉल्व्हच्या दांड्यांना धरणारे गाइड धरलेले नव्हते, गाइडच्या दरात सील धरलेले नव्हते, आणि स्प्रिंगांचे तर नावही कोणी घेतले नव्हते.

मग किरकोळ खर्च, ज्यांना कोणीही कधीही अंदाजपत्रकात जागा देत नाही. क्रँकच्या पुढच्या, कंपने शोषणाऱ्या डॅम्परमधले रबर जुने होऊन बाहेरचे कडे सरकले होते, म्हणजे टायमिंगची खूणच खोटी. नवा डॅम्पर एकशे वीस. कार्ब्युरेटर तीनशे. पाण्याचा पंप, इंधनाचा पंप, नळ्या आणि इंजिनाखालची रबरी माउंटिंगे यांचे साडेतीनशे. तेल, जुळणीचे वंगण आणि केशरी रंग यांचे दोनशे. त्यावर भागांवरचा सहा टक्के विक्रीकर, आणि ‘दुकानातील साहित्य’ नावाची एक गूढ रक्कम, जिच्यात बहुधा हात पुसण्याची फडकी आणि मालकाची कॉफी येत असावी. हेडांसकट यंत्रशाळेचे काम दोन हजार आठशे तीस, आणि सगळी बेरीज साडेसहा हजारांच्या घरात. जुळणी मी घरीच करणार आहे, तिची मजुरी यात नाही.

यावर शहाणपण शिकवायला येणाऱ्यांची रांग लागते. ‘कारखान्याचे नवे, खोक्यातले इंजिन घे, याहून स्वस्त पडेल आणि हमीही मिळेल.’ हिशेबाने ते खरेही आहे, आणि तेच तर अधिक चीड आणणारे आहे. पण मग मूळ जोडीचे इंजिन कोपऱ्यात कापडाखाली ठेवायचे आणि गाडी विकताना प्रत्येकाला ते उघडून दाखवत बसायचे का? दुसरे शहाणे दूरचित्रवाणीचा दाखला देतात. तिथे गंजलेला ब्लॉक जाहिरातींच्या दोन विश्रांतींच्या आत घुमू लागतो, आणि भाग प्रायोजकांनी फुकट दिलेले असतात हे शेवटच्या नामावळीत मुंगीएवढ्या अक्षरांत सरकून जाते. त्या कार्यक्रमात यंत्रशाळेचे बिल पडद्यावर आलेले मी कधीही पाहिलेले नाही.

पैशाबरोबर वेळही जातो. ऑगस्टमध्ये डेट्रॉईटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी प्रचंड मिरवणूक निघते तिच्या आधी काम हातात देतो, असा शब्द आगाऊ रक्कम घेताना दिला होता. मिरवणूक झाली. माझा ब्लॉक तेव्हा लाकडी फळीवर पडून होता, त्यावर खडूने माझे आडनाव चुकीचे लिहिलेले होते, आणि शेजारी आणखी दहाबारा जणांचे ब्लॉक त्याच अवस्थेत होते. मिशिगनमध्ये गाडी दुरुस्तीआधी लेखी अंदाज देण्याचा आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे ओलांडायचा असेल तर ग्राहकाची संमती घेण्याचा कायदा आहे, याची मी आठवण करून दिली. त्यावर मालक म्हणाला, ‘तो गाडीसाठी आहे, तुम्ही तर सुटे लोखंड आणले आहे.’ आगाऊ रक्कम घेताना मात्र तेच लोखंड ‘तुमची सुंदर कॅमॅरो’ होते.

मला सवलत नको आहे, आणि कुशल कारागिराच्या हाताची किंमत कमी करा असेही मी म्हणत नाही. सातव्या सिलिंडरमधली ती स्लीव्ह ज्या सफाईने बसवली आहे तिचा सांधा नखाला लागत नाही. मला हवा आहे भिंतीवर टांगलेला एक दरफलक, आणि मोजमाप संपल्याच्या दिवशी तारीख व सही असलेला एक आकडा, ज्यात गाइड, सील, स्प्रिंगा आणि ती फडकीसुद्धा धरलेली असतील. उरलेली रक्कम मागायला फोन येईल तेव्हा मी हेच सांगणार आहे: आधी कागद, मग पैसे.