पाणी कसं आहे?

नाशिककराच्या घरी पाहुणे आले की रामकुंड होतं, पंचवटी होते, मिसळ होते आणि शेवटी गंगापूर धरण उरतं. तिथे गाडीतून उतरल्या उतरल्या प्रत्येक जण मलाच विचारतो, "पाणी कसं आहे रे?" जसं काही ते मीच पहाटे उठून भरून ठेवलंय!

परवाचंच घ्या. मामांना गळ टाकायचा होता, त्यामुळे पाणी जरा गढूळ असलेलं त्यांना मानवलं. नितळ पाण्यात म्हणे मासाच आपल्याला आधी बघतो. वहिनींचा फोटो निळा येईना, म्हणून पाणी बाद. शेजारचे पक्षीवाले काका म्हणाले, "अहो, पाणी बघायचं तर नांदूरमध्यमेश्वरला चला." तिथला उथळ चिखल बदकांना आवडतो. २०२० साली त्याला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही जाहीर झाला, राज्यात सगळ्यात पहिला. चिखलाला एवढा मान मिळालेला मी तरी पाहिला नव्हता.

भाची मात्र तयारीने आली होती. जुन्या स्टीलच्या ताटलीवर तिने काळे-पांढरे पाव भाग रंगवले होते, मधल्या भोकातून गाठी मारलेली दोरी. पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या, म्हणजे पाणी किती नितळ ते कळतं. सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने १८६५ मध्ये अशीच, पण नुसती पांढरी चकती समुद्रात सोडली होती. त्याच्या बोटीवर आमचे नातेवाईक नव्हते, हे त्याचं नशीब. चष्मा घरी विसरलेल्या आत्याची ताटली पहिल्याच गाठीला गडप झाली. मामांना मात्र दोरी संपली तरी ताटली दिसतच होती.

"आणि नितळ म्हणजे शुद्ध नव्हे," भाचीने ऐकवलं. "जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. अंघोळीच्या पाण्यात शंभर मिलिलीटरला ५०० कोलिफॉर्म चालतात."

"चालतात म्हणजे?" म्हणत वहिनींनी पाण्यातले पाय वर घेतले.

आत्या तर काठावरूनही मागे सरली होती. "हेच ना तुमच्या नळाला येतं? मला बाई बाटलीचं दे." सकाळी रामकुंडावर याच बाईने डोळे मिटून तीन आचमनं केली होती! मी म्हटलं, "आत्या, गोदावरी तीच. धरण वर, रामकुंड खाली. मधे अख्खं शहर येतं."

"ते तीर्थ आहे," आत्या म्हणाली, "हे पाणी आहे."

भाचीची नजर आत्याच्या पिशवीतल्या तीर्थाच्या बाटलीकडे गेली. आत्याने ती मुकाट्याने पदराखाली घेतली.